लवाश एकटीने होत नाही

लवाश एकटीने होत नाही, देवा,
हे तूच मुद्दाम ठरवलं असशील.
एक हवी उंडे लाटायला,
एक हवी तोनीरवर ओणवी होऊन
जमिनीतल्या जाळाच्या तोंडात हात घालायला.
आणि आमच्या या टोकाच्या आळीत
आता दोनच घरांतून धूर निघतो:
माझ्या, आणि हाय्कानुशच्या.
बाकीचे येरेवानला गेले, कुणी रशियात,
कुणी चर्चमागच्या कोरीव क्रुसांखाली.

पंपाची तांब्याची तार चोरीला गेली
तेव्हा हिनेच सांगितलं होतं, शपथेवर,
की मुशेगला पाहिलं रात्री,
खांद्यावर वेटोळं घेऊन जाताना.
दोन हिवाळे आत राहिला माझा माणूस.
आला तो खोकला घेऊन,
आणि जर्दाळूला फुलं यायच्या आत
खोकल्याबरोबरच गेला.

तार हिच्या भावाने विकली होती.
पुढे गावाला कळलं, मेंढरांनाही कळलं.
ही एवढंच म्हणाली, "अंधार होता."

ते दोन शब्द मी तीन वर्षं चावले.
गिळवेनात, थुंकवेनात.

तेर वाहान म्हणाले, क्षमा कर तिला.
मी म्हटलं, केली.
खोटं बोलले. वेदीसमोर, हातात मेणबत्ती असताना.
त्यांनी ओळखलं असावं.
"बरं," म्हणाले, "मग गुरुवारी
तिच्याकडे पीठ घेऊन जा."

गेले.
मनात काही नव्हतं.
पिशवीत दहा किलो पीठ होतं.

तेव्हापासून तेरा शरद झाले.
ती लाटते, मी भाजते.
कडा जाड ठेवते मेली, दर वेळी,
आणि मी दर वेळी गप्प बसते.
याला तू प्रेम म्हणतोस का, मला माहीत नाही.
मला तर हे नुसतं
जीभ दाताखाली धरणं वाटतं.

तू शिकवलेल्या प्रार्थनेत
भाकर मागून तोंड मिटतं न मिटतं
तोच क्षमेची ओळ येते.
मला वाटायचं, मध्ये निदान
एका रात्रीची उसंत ठेवायची होतीस.

कारण सगळं पुन्हा उपटतं.
रस्त्यावर कुणी खोकलं की.
ती उगाच मोठ्याने हसली की.
तोनीरची भिंत मी दर वर्षी
चिकणमातीने लिंपते,
दर वर्षी तडा त्याच जागी जातो.
पुन्हा माती भिजवायची, पुन्हा हात भरायचे.
आणखी काय करणार?

आज ती आली ती हात गळ्यात बांधून.
बर्फावर घसरली होती.
फाटकातच थांबली.
"यंदा माझं राहू दे," म्हणाली,
"तुझं तू कसंही उरक."

मी तिला घोंगडी घातलेल्या पाटावर बसवलं.
तिच्या पिठावर बोटाने क्रूस काढला
आणि आधी तिचे उंडे लाटायला घेतले.
माझ्या पिठाला मागे फुगू दिलं.
(खरं सांगते, मला ते आवडलं नाही.
हात करत होते, मी बघत होते.)

मग लाटलेली पोळी दोन्ही हातांवर झुलवून
गादीवर ताणली, भिंतीला थापली,
आणि तिने डाव्या हाताने
लांब आकडा धरला, ओढायला.
पहिली निघाली. दुसरी निघाली.
तिसरी निसटून राखेत पडली.

तिने माझ्याकडे पाहिलं,
निकाल ऐकायला उभं राहिल्यासारखं.

मी पोळी उचलली, झटकली,
अर्धी फाडून तिच्या मांडीवर ठेवली.
दोघींच्या दाताखाली कचकच झाली.
बराच वेळ काटक्या तेवढ्या बोलत होत्या.

मग जाळात बघत ती म्हणाली,
"मुशेगला करपलेली आवडायची ना?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा
त्याचं नाव तिच्या तोंडून आलं.
धुराचं निमित्त होतं, मी पदराने डोळे पुसले.

"हो," म्हटलं. "जाड कडांची."

आणि पुढचा उंडा घेतला.