काठ

सकाळी सातला, पहिला माग सुरू व्हायच्या आधी
भरमाण्णा फाटकाशी उभा. पाय पोटरीपर्यंत काळे.
हातात साडी. म्हणजे, कधीतरी साडी होती ती.
बळ्ळारी नाल्यात मोरीच्या तोंडाला बसलेली,
पाणी मागं तुंबून त्याच्या भातात शिरलं.
तीन गुंठे गेले.

ओला पिळा कट्ट्यावर टाकून त्यानं काठ उलगडला,
अंगठ्यानं गाळ पुसला
आणि म्हणाला, इदु निम्द ऐती, नोड्री.
तुमचंच हाय हे, बघा की.
भांडण तो कन्नडात काढतो,
थकला की मराठीत येतो. माझंही तसंच.

काठात नाव होतं.
ह व ळ.
पदर संपतो तिथं, पिवळ्या धाग्यात.
ही आबांची खोड, हातमागाच्या काळातली.
उसवली तर कुणाकडं जायचं
ते बाईला कळलं पाहिजे, म्हणायचे.
आणि बाया यायच्या. येळ्ळूरहून, नंदगडहून,
एक तर पार हुक्केरीहून, पिशवीत विरलेलं लुगडं घेऊन.
आबा ते उजेडात धरायचे,
उभं ताणायचे, आडवं ताणायचे,
वैद्य नाडी बघतो तसं डोळे मिटून.
मग नव्यात आठ रुपये सोडायचे, जुनं ठेवून घ्यायचे.
आई त्याची वाकळ शिवायची.
वाकळ विरली की माग पुसायला,
तेही झालं की चुलीत,
राख भांड्यांना.

मी पॉवरलूम घातले. आधी चार, आता बावीस.
सुताच्या जागी पॉलिस्टर आलं, सुरतेहून, कोनावर.
आठ रुपये सोडायचं मीच बंद केलं.
नाव तेवढं राहिलं.
जकार्डच्या पत्त्यांत भोकं तशीच होती,
ती बुजवायला वेगळा खर्च.

मी म्हणालो, भरमाण्णा, मी विकली खडेबाजारात,
दुकानदारानं विकली लग्नघरी,
आहेरात आली ती आहेरात गेली,
तीन घरं फिरली, घडी मोडली की नाही देव जाणे,
शेवटी भांडीवालीला एका वाटीवर.
पुढं तिनं काय केलं, मला काय ठाऊक?
तो ऐकत होता. पायाचा चिखल वाळत होता.
म्हणाला, भांडीवालीचं नाव कुठं हाय हिच्यात?

तो गेल्यावर साडी धुतली. दोन पाण्यांत स्वच्छ.
रंग तोच. ताणली, फाटेना.
टोकाला काडी लावली तर जळायचं सोडून वितळली,
काळा मणी झाला, बोटाला चिकटला.
आबांनी उजेडात धरली असती
तर काय बोलले असते, ते मला कळेना.
नाल्यात किती वर्षं, आणि हिला काहीच झालेलं नाही.

पत्ते मारणारा इरगोंडा म्हणाला,
नाव काढूया की मालक, आता कॉम्प्युटरवर असतंय,
एक बटण. कोण येणार नाही दारात.
मी बराच वेळ त्याच्या पडद्याकडं बघत बसलो.
मग म्हणालो, नावापुढं फोन नंबर घाल.
दहा आकडे?
दहा.

घरी हिनं विचारलं, आलेल्याचं करणार काय?
माहीत नाही, म्हणालो.
पानिपतला कोण चिंध्या पिंजून घेतो म्हणे, पण मिश्र धाग्याला नाक मुरडतो.
गादीवाला दस्तगीर थोड्या नेईल.
बाकीच्यांसाठी मागची खोली रिकामी केली,
आबांचा खड्डामाग होता ती.
खड्डा बुजवलाय, तरी तिथं फरशी अजून पोकळ वाजते.

दोन महिने झाले. सात पोती.
नव्या काठावरून अजून एकही फोन नाही,
त्या साड्या अजून कपाटांत आहेत.
ह्या सगळ्या जुन्या, नुसत्या नावावर आलेल्या.
काल भरमाण्णानं आणखी दोन आणून टाकल्या.
एक माझी. दुसरी कुणाची कळेना,
काठ कोरा होता.
ती कुठं ठेवू, त्यानं विचारलं.