नाकातलं तांबं

एरंडोलच्या गॅस एजन्सीत आप्पा बावीस वर्षं
सिलिंडरच्या तोंडाशी नाक नेऊन उभे राहिले.
साबणाचं पाणी, मीटर, हे सगळं नंतर.
आधी हिलाल बडगुजरचं नाक.
गोदामात सुईएवढी गळती असली
तरी दारातच थांबायचे, हात वर करायचे,
आणि हमाल होते तसे मागे सरायचे.

गॅसला स्वतःचा वास नाही
हे मी चौथीत असताना त्यांनीच सांगितलेलं.
वास मागाहून घालतात, सडक्या कोबीचा,
चोरट्या गाईच्या गळ्यात घंटा बांधावी तसा.

दोन हिवाळ्यांपूर्वी सर्दी धरली.
बाजारात कुणी फिरता औषधवाला बसला होता,
त्याच्याकडून जस्ताचे थेंब आणले, नाकात सोडले.
भाजल्यासारखं झालं म्हणाले.
तिसऱ्या दिवशी सर्दी गेली.
आईने लसणाची फोडणी दिली, शेजारची पोरं शिंकली,
आणि आप्पांनी चुलीपाशी येऊन विचारलं,
"आज भाजी नही का?"

मी जळगावला एम.एस्सी.ला.
लायब्ररीत बसून वाचलं, दोनदा वाचलं:
नाकाच्या ओल्या पडद्यात
वास धरणारी प्रथिनं असतात,
आणि काहींच्या मुठीत तांब्याचा कण,
सराफाच्या काट्यालाही लागणार नाही इतका.
गंधकाचा वास येतो, तांब्याला बिलगतो,
मूठ आवळते, वर निरोप जातो.
तांबं काढून घेतलं
तर तोच वास उंबऱ्यावरून परत.
काही जागी चांदीही तांब्याची बदली भरते.
जस्ताचं मात्र विचित्र:
कणभर असलं तर म्हणे उलट धार लावतं,
थेंबांनी ओतलं तर मुळं जाळतं.

शनिवारी घरी आले, ओट्यावर बसून सांगितलं सगळं.
उंदरांपाशी अडखळले.
नराच्या अंगचा एक गंधकी वास असतो,
मादीला तो तांब्यामुळेच कळतो,
तो त्याच्या, म्हणजे, पाण्यात असतो, म्हटलं.
"मूत म्हन ना. मी गोठामा वाढेल मानूस शे."
आणि हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा
खोकला येईपर्यंत हसले.

मग उठून फळीवरचा लोटा काढला,
चिंचेने घासला, रात्रभर पाणी ठेवलं,
पहाटे तळहातावर घेऊन नाकात ओढलं.
मी म्हणत होते, तसं नसतं आप्पा,
तांबं ज्यांच्या हाती द्यायचं
ते हातच जळालेत.
"माले समजस," म्हणाले,
आणि पुन्हा ओढलं.

आता ते एजन्सीत पावत्या फाडतात.
गोदामाची लोखंडी किल्ली मात्र त्यांच्याच करदोड्याला.
परवा ती माझ्या मुठीत दाबली.
"आते हुंग. कसाना वास येस?"
लोखंडाचा, म्हटलं,
आणि म्हणताक्षणी आठवलं
की लोखंडाला वास नसतो.
ते कातडीवरचं तेल तेवढं मोडतं;
येतो तो हाताचा, माणसाचा.
सांगितलं.
आप्पा किल्ली उलटीपालटी करत राहिले.
"म्हंजे इतला दिन
मी किल्ली हुंगू तवय..."
पुढे बोलले नाहीत.
किल्ली करदोड्याला परत बांधली, दोन गाठी दिल्या.

रात्री भांडी झाली की
आई बटण बंद करते, शेगडीवर वाकते.
पूर्वी हे काम त्यांचं.
आता ते तिच्या मागे उभे राहतात, हात पाठीशी,
आणि तिच्या चेहऱ्याकडे बघतात
मीटरचा काटा बघावा तसे.
"वास उना का?"
ती जरा जास्तच वेळ घेते.
"नही," म्हणते.
मग दिवा.