अमोनियाची लाइन

मला बोलावलं ते नकाशा हरवला म्हणून.
अजमानच्या खाडीतून आत खणलेल्या कालव्यावर
बर्फाचा कारखाना, अठरा वर्षं बंद.
आता तिथे स्पा होणार आहे,
आणि फरशीखालून कुठला पाइप कुठे जातो
हे सांगणारा मी एकटाच उरलोय.

हनादी आर्किटेक्ट. हेल्मेटखाली घामेजलेले केस.
तिने हातात खडू दिला.
मी रेघा ओढत गेलो:
ही मिठाच्या पाण्याची, ही परतीची,
ही अमोनियाची,
इथे व्हॉल्व्ह, मेला कायम उलटा फिरायचा.
गुडघे कुरकुरले. हात चुकला नाही.

'आणि इथे?'
इथे दादकरीम. मकरानचा.
दीडशे किलोची लादी आकड्याने अशी वळवायचा
जशी झोपलेल्या पोराची कूस बदलावी.
पहाटे तीनला कालव्यात लाँचा लागायच्या.
खलाशी कनअद म्हणायचे, मी सुरमई,
मासा दोन्ही नावांनी तेवढाच ताठ.

बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री, आत आम्ही स्वेटरमध्ये.
एकदा घरी लिहिलं, इकडे थंडी फार आहे.
बायकोने उलट टपाली विचारलं,
खरं सांगा, तुम्ही नक्की कुठे आहात?

हनादी हसली. तेवढं लिहूनही घेतलं.
मग हात पसरून दाखवत गेली:
लाद्यांच्या टाकीत कोमट पाणी,
कॉम्प्रेसरच्या जागी वाफेची खोली,
कालव्याकडच्या भिंतीला सगळी काच.
आणि हे जुनं प्रेशर गेज
आत येताच दिसेल असं, दिव्याखाली.
काटा किती सुंदर आहे ना, ती म्हणाली.

काटा सहावर अडकायचा.
आत दाब कितीही चढो, सहा.
मी दोनदा चिठ्ठी दिली होती मॅनेजरला.
तिसरी लिहायची राहिली,
त्या आठवड्यात माझी सुट्टी मंजूर झाली होती
आणि मी खरेदीत होतो.

हे मी तिला सांगितलं नाही.
विचारलं फक्त, लोक इथे येऊन करणार काय?
पडून राहतील, ती म्हणाली,
तापलेल्या दगडावर, डोळे मिटून,
डोळ्यांवर गार पट्टी.

आम्हीही ठेवली होती, दादकरीमच्या.
रात्रभर बदलत होतो.
बर्फाला काही तोटा नव्हता.