जमीन शून्य, समुद्र एक

मी समुद्र एकदाच पाहिला, चौथीत असताना, पुरीला,
तोही गाडीत उलट्या करून पोचल्यावर, ओल्या रुमालाआडून.
आता पगार घेते त्याच्याच कातडीचा हिशेब लिहिण्याचा,
इथे, अंबाझरीच्या अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे कूलरमधलं पाणी संपलं की वाळ्याचा वास करपत जातो
आणि पंखा गरम हवाच इकडची तिकडे करतो.

जुन्या मॉडेलमध्ये सगळ्या समुद्रांना मिळून एकच आकडा होता:
सेकंदाला अर्धा मिलिमीटर.
एवढ्या वेगाने ओझोन पाण्यात उतरतो म्हणे,
ध्रुवाजवळ तेवढाच, लक्षद्वीपला तेवढाच.
कुणीतरी सोयीसाठी लिहिलेला,
मग चालत आला
लग्नपत्रिकेतल्या "आमचे येथे श्रीकृपेकरून" सारखा.
कुणी वाचत नाही, कुणी खोडत नाही.

सोनकुसरे मॅडम म्हणाल्या, खोड.

म्हणून तीन महिने आयोडाइडच्या मागे आहे.
पाण्याच्या अगदी वरच्या थरात, केसाच्या विसाव्या हिश्शात,
ओझोन पाय टाकतो आणि आयोडाइड त्याला तिथेच गाठतं.
पाणी कोमट असेल तर झटापट लवकर आटोपते,
गार असेल तर तो दारातच ताटकळतो.

आयोडाइड टाइप करताना मला तुमसरची देवकामावशी दिसते,
प्रत्येक फोटोत पदर गळ्याशी गच्च धरून बसलेली,
गलगंडावरून.
तिच्याकडे मीठ खड्याचं, मडक्यात.
डॉक्टरांनी पुडीतलं सांगितलं तर म्हणाली,
"समुद्र काय पुडीत येते का वो बाई?"
येतो, मावशी. चिमटीएवढा.
तुला सांगायला मला वीस वर्षं उशीर झाला.

मे महिन्यातल्या एका रात्री नागपूरवरचा ओझोन वाढला.
पडद्यावर, म्हणजे.
मी आधी कोराडीच्या चिमण्यांना धरलं,
मग वर्धा रोडच्या गाड्यांना, मग उन्हाला.
सगळे आपापल्या जागी होते, नेहमीएवढेच दोषी.
रात्री दोनला सापडलं:
भूमी-सागराच्या फाईलमध्ये एक रकाना सरकला होता.
जमीन शून्य, समुद्र एक.
आणि एकवीस अक्षांश, एकोणऐंशी रेखांश,
तिथे एक.

म्हणजे संध्याकाळपासून आम्ही पाण्याखाली होतो.
सीताबर्डीचा किल्ला, इतवारीतली बंद शटरं,
सकाळच्या तर्रीसाठी भिजत घातलेले चणे,
खाली खुर्चीत मान टाकून झोपलेले हेडाऊ काका,
झीरो माईलचा खांब,
सगळ्यांवर खारं, सपाट, कोमट पाणी.
आणि हवा सुधारली नव्हती. बिघडली होती.

हे मला माहीत होतं, कागदावर.
समुद्र हळू घेतो. झाडाचं पान दहापट घेतं,
तापून भेगाळलेली मातीसुद्धा त्याच्याहून लवकर घेते.
तो मोजण्यात येतो तो पसाऱ्यामुळे,
थेंबाथेंबाला बघितलं तर कंजूषच.
तरी ती रुमालवाली पोरगी
समुद्र आला की सगळं गार होईल
असंच धरून बसली होती इतकी वर्षं,
माझ्याच खुर्चीत, माझ्याच चष्म्यातून.

हेडाऊ काका टॉर्च घेऊन वर आले.
"म्याडम, आज घरी नाही जात का?"
मी म्हटलं, काका, संध्याकाळपासून तुम्ही समुद्रात होता.
ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले,
त्या एकट्या निळ्या चौकोनाकडे.
"मंग नळाले पाणी काहून नाही आलं?"

मी एकाचं शून्य केलं.
पुन्हा चालवायला नऊ तास लागणार होते.
काकांनी खालून आपला कॅन आणला,
निम्मं पाणी माझ्या कूलरमध्ये ओतलं,
निम्मं झाकण लावून परत नेलं.