आवाज मोजणारा

सिरिल ट्रॅन्टर आमच्या माडीवर भाड्यानं राहायचा.
त्याचं काम एवढंच :
धावपट्टीपासून सहाशे फुटांवर, बीटच्या शेतात
घडीच्या स्टुलावर बसायचं,
मांडीवर यंत्र, यंत्रात काटा,
काटा कुठे थरथरतो ते वहीत लिहायचं.

बर्कशर, एकोणीसशे एकोणसाठ. गारठलेलं ऊन.
हँगरमधून ते बाहेर ओढलं तेव्हा
शेतमालक गॉडविन कुंपणावर रेलून म्हणाला,
"धड हे नाही, धड ते नाही."
खरंच होतं.
विमानासारखे पंख, पण आखूड,
उंची वाढलेल्या पोराच्या बाह्यांसारखे.
पंखांवर दोन इंजिनं,
आणि डोक्यावर हेलिकॉप्टरचं चक्र, इतकं मोठं
की उभ्या-उभ्या पाती खाली लवायची,
भिजलेली छत्री वाळत टाकावी तशी.

मग पात्यांच्या टोकांना जाळ लागायचा.
मांजरपाट टराटरा फाडावं तसा आवाज,
ठाणच्या ठाण, आणि फाडणं संपतच नाही.
शाळेत मिस विक्स खडू हवेत धरून थांबायच्या.
अर्ध्या वाक्यावर. आम्ही सगळे अर्ध्या वाक्यावर.
गॉडविनच्या कोंबड्यांनी अंडी देणं सोडलं.
सिरिल लिहायचा : एकशे तेरा.

मग ते सरळ वर जायचं, दोरीनं ओढल्यासारखं,
आणि कुठेतरी, चर्चच्या मनोऱ्याच्या बरंच वर,
जाळ विझायचा.
चक्र फिरतच राहायचं, पण आता त्याला
कुणी फिरवत नसायचं. वारा लागेल तसं, मोकळं.
आखूड पंख वजन घ्यायचे
आणि ते पुढे निघायचं, अगदी साधं विमान होऊन.
या क्षणासाठी वहीत रकाना नव्हता.
सिरिल पेन खाली ठेवायचा.

लंडनहून माणसं आली. भर शहरात उतरवायचं होतं त्यांना.
मोठे साहेब म्हणाले, "ट्रॅन्टर,
आज स्टूल जरा मागे घे ना. वाराही तसाच आहे."
सिरिलनं स्टूल हलवलं नाही.
रात्री आईला म्हणाला, "एकशे सहा.
उतरतोय, मिसेस लॅम्बोर्न. अजून थोडा वेळ द्या म्हणावं."
जणू आईच देणार होती.

पत्र आलं एका पानाचं.
कापायच्या दिवशीही तो यंत्र घेऊन गेला.
करवतीचे आकडे वहीत आहेत : चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी,
मग पानभर काहीच नाही.
एक खिडकी गॉडविननं खुराड्याला बसवली.
कोंबड्या तिच्यातून बाहेर बघायच्या, प्रवाशांसारख्या.

परवा मी त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं.
आता मोठ्यानं, पाटीवर लिहून बोलावं लागतं.
डॉक्टरांनी लिहिलं : डाव्या कानात शीळ वाजते, ती कधी थांबते का?
सिरिलनं चष्मा लावून वाचलं, दोनदा.
मग छताकडे बघत म्हणाला,
"अजून चढतंय.
जाळ विझला की सांगतो."