उजवी कूस

आबांना तिरडीवर उताणं ठेवलं
तेव्हा क्षणभर मला ते ओळखूच येईनात.
हा माणूस कधी उताणा झोपला नव्हता.

त्यांचा डावा कान पलटणीत राहिला.
एकाहत्तरच्या थंडीत, पूंछच्या वर कुठंतरी,
शेजारी गोळा पडला तेव्हा.
त्याबद्दल एवढंच सांगायचे:
"आवाज आला, आणि मग यायचा बंद झाला."

बाकी लढाईचं विचारलं की खेचराचं सांगत.
त्याचं नाव शेवंता. पाण्याचे डबे घेऊन चौकीपर्यंत चढायचं.
माणशी एक मग. त्यातच दाढी, त्यातच तोंड,
उरलं तर चहा.
शेवंताला मात्र दोन मग.
"वाहायचं ना ते," म्हणायचे,
जणू अजून कुणी हरकत घेईल.

पेन्शन घेऊन आले ते पाटबंधाऱ्यात पाटकरी लागले.
निवृत्ती बाळा फाळके.
नाव निवृत्ती, आणि तेवढंच एक काम त्यांना कधी जमलं नाही.
धोमचं पाणी कोरेगावकडं यायचं,
चारी नंबर चार ते अकरा त्यांच्याकडं.
कमरेला किल्ल्या, तीन सेलची बॅटरी,
खाकी स्वेटरच्या कोपराला निळं ठिगळ.

सख्खा भाऊ आल्याचं रान वाळतंय म्हणून
रात्री टोपी हातात घेऊन दाराशी उभा राहिला,
तर त्याला चहा पाजला आणि म्हणाले,
"तुझी पाळी गुरुवारी. पहाटे तीन दहा."
अकरा दिवाळ्या भाऊ आमच्याकडं फिरकला नाही.
त्याच्या पाळीला आबा दहा मिनिटं आधीच हजर असायचे.

चारीच्या कडेला बाभळीखाली बाज टाकून झोपत,
नेहमी डाव्या कुशीवर.
बहिरा कान उशीत, चांगला कान आभाळाकडं.
दारातून पाणी जास्त सुटलं की त्याचा सूर बदलतो,
ते त्यांना झोपेतही कळायचं.
एकदा तापात आईनं त्यांना उजवीकडं वळवलं
तर धडपडून उठून बसले.
म्हणाले, "दिवा कुणी मालवला?"

मी माझी गुपितं डाव्या कानात सांगायची.
कुणाची पट्टी ढापली, कोण आवडतं.
ते मान वळवून विचारायचे, "काय?"
मी म्हणायची, काही नाही.

जायच्या महिनाभर आधी त्यांची पत्र्याची ट्रंक आवरली.
डिस्चार्ज बुकाखाली एक कार्बन कॉपी,
पुसट निळी, घडीवर फाटलेली.

"मा. शाखा अभियंता यांस,
काल रात्री चारी क्र. सातचे दार दोन तास दहा मिनिटे
माझ्या गैरसावधपणाने उघडे राहिले.
सदर पाणी पाळीत नाव नसलेल्या रानात गेले.
उजव्या कुशीवर झोप लागल्याने आवाज आला नाही.
तरी नियमाप्रमाणे कारवाई व्हावी."

खाली लाल शाईत: दोन दिवसांचा पगार कपात.

पाळीत नाव नसलेलं रान सगुणा वायदंड्यांचं.
नवरा गेलेला, सातबारा अजून त्याच्याच नावावर.
मेलेल्या माणसाला पाण्याचा अर्ज करता येत नाही,
आणि तिला कुणी करू देत नव्हतं.
दीड एकर ज्वारी, पोटरीत आलेली.
सातच्या दारातून दीड एकर भिजायला किती वेळ लागतो,
मी गावात विचारून आले.

मग कागद घेऊन त्यांच्याकडं गेले.
उशीला टेकवून बसवलेलं, बंडीवर पेजेचा डाग.
जुन्या सवयीनं डाव्या कानाशी वाकले आणि म्हटलं,
आबा, तुम्ही झोपला नव्हता.

"काय?" आलं नाही.
फक्त त्यांचा हात उशीखाली गेला,
आणि बावीस वर्षांपूर्वी खात्यात जमा केलेल्या किल्ल्या
बराच वेळ चाचपत राहिला.