टेबल गेला

कॅसेटवर नाव नव्हतं.
पेपर मिलची मशीन बसवायला आलेला गोरा इंजिनिअर
बंगला सोडताना रद्दीत टाकून गेला,
आणि ती छोट्या गाडीनं वडशाला उतरली
शालिक चुट्याच्या पिशवीत, सुकटीच्या पुड्याखाली.

बारशाला व्हिडिओ भाड्यानं आणलेला.
देवाचा पिक्चर संपला, म्हाताऱ्या उठल्या,
शालिकनं हळूच ती आत सरकवली.

साहेब लोक. टाय. ओल्या छत्र्या.
एक जण टेबलासमोर उभा राहून
अदबीनं काहीतरी विचारतो.
टेबल ऐकून घेतो. मग उठतो,
आपल्या चार पायांनी दाराबाहेर जातो.
साहेब तसाच.
पुढच्या क्षणाला भलतीच बाई, भलताच समुद्र,
मघाच्या साहेबाचं काय झालं कोणी सांगत नाही.
कुठूनतरी न दिसणारी माणसं हसली
म्हणून आम्हीही हसलो,
ती थांबली, आम्ही थांबलो.
शालिक एकटा गुडघ्यावर थापा मारत राहिला:
"पाय ना बाप्पा, गोष्टीले शेपूटच नाई!"

त्या वर्षीच्या मंडईला, रात्री दोनच्या दंडारीत
झिंगर नाकतोडे राधा झालेला, मिशी काढून,
कृष्णानं वाट अडवली, ढोलकी चढली,
आणि कासऱ्याचा टाय बांधून शालिक शिरला मध्येच:
"दह्याचा सातबारा आनला काय, बाई?"
कृष्ण गप्प. झिंगरला खरंच घाम फुटला.
शालिक वळला, शाळेतून आणलेल्या टेबलाला
हात जोडून म्हणाला, "साहेब, तुमीच सांगा."
टेबल हलला.
माणसांतून वाट काढत,
पेट्रोमॅक्सच्या उजेडातून बाहेर,
कापलेल्या धानाच्या बांधीत उतरला.

कुणी खोकलंसुद्धा नाही.
मग मागून भागरताबाई, घाबरल्या आवाजात:
"अवो, टेबल गेला!"

पंचांनी सुपारी दिली नाही.
शेवट कुठाय, म्हणाले.
"शेवट विलायतेत रायला," शालिक म्हणाला,
आणि दोन पोती धानावर मिटवलं.

आता तहसिलात बाबू जागेवर नसला की
रांगेतला पहिला मागे वळून सांगतो, टेबल गेला.
ठरलेली सोयरीक फिसकटते, टेबल गेला.
दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईची बदली होते
नेमप्लेट रंगवून वाळायच्या आत.
तीन स्टेशनं पलीकडे, जिथं शालिकला कोणी ओळखत नाही,
एका प्राध्यापकानं ती म्हण वहीत उतरवली:
'अतिप्राचीन. भोजनपंक्तीशी संबंध असावा.'

शालिक वारला त्याला नऊ वर्षं झाली.
कॅसेटला बुरशी चढली, फीत पोरांनी
वांग्याच्या वाफ्यावर बांधली पाखरं हाकायला.
वाऱ्यावर ती अजून फडफडते, चकाकते.

मला कधी वाटतं, त्या तिकडच्या टेबलाच्या आत
कोण वाकला असेल?
असेल का, कुठल्या थंड गावात,
कंबर धरून?

आमचा टेबल म्हणजे डोमा गुरनुले.
परवा ओसरीवर टोळीचं तेल चोळत बसला होता.
विचारलं, त्या रात्री किती लांब गेला होतास रे?

"नाल्यापर्यंत," म्हणाला.
"मांगून हासू आयकू येत होता न,
म्हून चालतच रायलो.
वापस ये म्हनून कोनी आवाजच नाई देल्ला."